जुने टीव्ही गेम: ठाणे-नवी मुंबईत कुठे शोधता आणि काय जपता?

नौपाडेकर | शनिवार, २२:१४

नमस्कार मंडळी. जुन्या व्हिडिओ गेमवर इथे आधी कोणी लिहिलंय का म्हणून शोधलं, पण सगळी चर्चा नवीन कन्सोल कुठला घ्यावा यावरच दिसली. म्हणून हा वेगळा धागा.

मी जुनी टीव्ही गेमची यंत्रं जमवतो. ठाणे स्टेशनच्या आसपासची रिपेअरिंगची दुकानं, कळवा-मुंब्रा पट्ट्यातले भंगारवाले, तुर्भे, आणि अधूनमधून चोरबाजार. या छंदावर जे काही वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक अमेरिका, युरोप नाहीतर जपानमधलं. त्यातली यादी ठरलेली असते: खरा निन्टेन्डो, खरा सेगा, खोक्यासकट, माहितीपुस्तिकेसकट. आपल्याकडचे लोकही तीच यादी घेऊन फिरतात आणि समोर 'मीडिया' किंवा 'समुराई' लिहिलेली पेटी आली की "हा तर डुप्लिकेट" म्हणून पुढे जातात.

मला हे पटत नाही. निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा टीव्ही गेम जपानात १९८३ साली आला आणि एनईएस या नावाने १९८५ मध्ये अमेरिकेत. आपल्या चाळींत आणि सोसायट्यांत नव्वदच्या दशकात पोचले ते त्याचे क्लोन, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या नकला. मीडिया, समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर, नंतर मिताशी. एका अख्ख्या पिढीने मारिओ आणि काँट्रा हे गेम याच पेट्यांवर पाहिले. खरा फॅमिकॉम सांभाळायला जपान समर्थ आहे. लिटल मास्टरचं खोकं, त्यावरचं चित्र, दुकानाचा शिक्का मारलेलं गॅरंटी कार्ड हे आपण नाही ठेवलं तर कोण ठेवणार? दर दिवाळीच्या साफसफाईत त्यातलं थोडं थोडं कायमचं जातंय.

तर, तुम्ही ठाणे-नवी मुंबईत हा माल कुठे शोधता? आणि तुमच्या मते जपायचं काय, मूळ यंत्रं की आपले क्लोन?


खारघरची_चिमणी | शनिवार, २२:३१

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे)! आमच्या कॅसेटवर '९९९९९९९ इन १' छापलेलं होतं. आत फिरून फिरून तेच गेम. नाव बदलायचं, सुरुवात तिसऱ्या लेव्हलपासून करायची, झाला नवीन गेम.


हरिनिवासचा_हरी | शनिवार, २२:३८

+१. टँकच्या गेममध्ये शत्रू सोडून आपल्याच तळावरचा गरुड फोडणाऱ्या भावाला मी अजून माफ केलेलं नाही.


खारघरची_चिमणी | शनिवार, २२:४०

हरी, तो भाऊ प्रत्येक घरात होता :D


कळव्याचा_गण्या | शनिवार, २३:०५

नौपाडेकर, कुठे मिळतं तेवढं मी सांगतो. मूळ की क्लोन ते तुम्ही जाणकारांनी ठरवा.

दुकानात जाऊन "जुना गेम आहे का" विचारलं तर उत्तर नाहीच येतं. भंगारवाल्याच्या लेखी तो गेम नसतोच. बॉडी प्लास्टिकच्या ढिगात, बोर्ड पीसीबीच्या गोणीत, अडॅप्टरची वायर तांब्यासाठी तिसरीकडे. एकदा तोडलं की संपलं. त्यामुळे माल गोदामात पोचायच्या आधी आपण पोचायला हवं. मी सोसायट्यांतून फिरणाऱ्या हातगाडीवाल्यांशी ओळख ठेवतो. त्यांच्या मोबाइलमध्ये फोटो टाकून दिलेत: पेटी, रिमोट (कंट्रोलर म्हटलं की कळत नाही), बंदूक, कॅसेट. असलं काही मिळालं की ते फोन करतात आणि मी वजनाच्या भावापेक्षा चांगले पैसे देतो. दोघांचंही भलं.

भाव करताना पेटीला पहिला हात लावायचा नाही. शेजारचा डीव्हीडी प्लेयर उचलायचा, त्याची किंमत विचारायची, जास्त आहे म्हणायचं, मग "बरं हे काय आहे" म्हणून पेटीकडे वळायचं. आणि कॅसेटी वेगळ्या विचारायच्या नाहीत. सुट्या विचारल्या की प्रत्येकीचे ५० रुपये होतात, पेटीचा सौदा ठरल्यावर "त्याच्याबरोबरच्या कॅसेटी टाका" म्हटलं की पिशवीभर येतात.

नवी मुंबईत आणखी एक गोष्ट चालते. वाशी, नेरूळ, सीबीडीकडच्या जुन्या सिडको सोसायट्या आता रीडेव्हलपमेंटला जातायत. घर रिकामं करताना माळ्यावरचं सगळं खाली येतं. वॉचमनकाकांना नंबर देऊन ठेवा. चहा पाजा. एवढं पुरतं.


मीनल_घोडबंदर | शनिवार, २३:२०

गण्या, डीव्हीडी प्लेयरची युक्ती भारी. आता सगळे वाचक तीच वापरणार आणि ठाण्यातले डीव्हीडी प्लेयर महागणार.


पामबीच_रायडर | रविवार, ००:०२

धागाकर्त्याशी असहमत.

क्लोन ही चोरी होती, हे स्पष्ट बोलू या. ज्यांनी ते गेम रचले, संगीत दिलं, चित्रं काढली, त्यांना आपल्या घरातल्या कॅसेटींतून एक पैसाही मिळाला नाही. कॅसेटच्या लेबलवर दुसऱ्याच गेमचं चित्र, आत गेमच्या नावाची मोडतोड, निर्मात्याचं नाव पुसलेलं. जपायचं तर ज्याने बनवलं त्याने जसं बनवलं तसं जपावं. क्लोनचा आवाजसुद्धा चुकीचा असतो. मारिओचं तेच संगीत खऱ्या फॅमिकॉमवर ऐका, फरक लगेच कळेल.

शिवाय अधिकृत माल भारतात अजिबात आलाच नाही असं नाही. नव्वदच्या दशकात सेगाची यंत्रं शॉ वॉलेस कंपनीमार्फत रीतसर विकली गेली. फार महाग होती आणि थोड्याच घरांत गेली. भारतात अधिकृतपणे विकलेला सेगाचा मेगा ड्राइव्ह, तोही खोक्यासकट, मला कुठल्याही लिटल मास्टरपेक्षा मोलाचा वाटतो.


सोल्डरवाले_काका | रविवार, ०७:४८

सकाळी उठून धागा वाचला. तुर्भ्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरी झाली, आता निवृत्तीनंतर घरी हीच यंत्रं दुरुस्त करतो. रायडरसाहेब, आवाजाचा मुद्दा तुम्ही बरोबर पकडलात, पण त्याची पूर्ण गोष्ट सांगतो.

क्लोन दोन जातींचे. तळाचे स्क्रू काढून आत बघा. बोर्डवर चाळीस पायांच्या दोन लांबट चिप दिसल्या आणि त्यांवर यूए६५२७पी आणि यूए६५३८ असे आकडे असले, तर तो जुना चांगला क्लोन. या तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिप. पहिली निन्टेन्डोच्या प्रोसेसरची नक्कल, दुसरी चित्र काढणाऱ्या चिपची. त्यांच्याऐवजी बोर्डावर डांबरासारखा काळा थेंब दिसला, तर सगळं यंत्र त्या एका थेंबाखाली आहे. तो नंतरचा स्वस्त माल. थेंब गेला की दुरुस्ती नाही. चिपवाला मात्र आम्ही पुन्हा उभा करू शकतो.

आता आवाज. फॅमिकॉममध्ये सूर वाजवायला दोन स्क्वेअर वेव्हचे चॅनेल आहेत. प्रत्येक लाट किती वेळ वर आणि किती वेळ खाली यावर आवाजाचा पोत ठरतो. यूएमसीच्या चिपमध्ये २५ टक्के आणि ५० टक्के या दोन सेटिंगांची अदलाबदल झालेली आहे. स्वर तोच राहतो, पोत बदलतो. त्यात भर म्हणजे जपानी यंत्र सेकंदाला ६० वेळा चित्र काढतं, तर पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या या क्लोनवर ५० वेळा. त्यामुळे खेळ आणि संगीत दोन्ही साधारण एक षष्ठांशाने संथ.

म्हणजे रायडर म्हणतात ते खरं, हा आवाज जपानमधला नव्हे. पण इथल्या मुलांनी ऐकलेला मारिओ हाच. थोडा संथ, थोडा नाकातला. मूळ यंत्र आणून ठेवलं तर जपानी मुलाची आठवण जपली जाईल. आपली जपायची तर हीच चिप चालू ठेवावी लागेल. चोरीचा मुद्दा मी नाकारत नाही, पण घडलं ते घडलं आणि ते नोंदवलं जायला हवं असं माझं मत.


नौपाडेकर | रविवार, ०८:३०

काका, हे वाचून अंगावर काटा आला. मला जे म्हणायचं होतं त्याचा तांत्रिक पुरावाच दिलात. माझ्या सगळ्या पेट्या आज उघडतो.


ऐरोलीकर | रविवार, ०९:१५

काकांच्या माहितीत एक भर. रशियातही हेच झालं होतं. तिथे १९९२ पासून 'डेंडी' नावाचा फॅमिकॉमचा क्लोन विकला गेला आणि घराघरांत पोचला. फरक एवढाच की तिथल्या लोकांनी त्याची चिप, तिचा वेग, तिच्या खोडी सगळं बारकाईने नोंदवलं. आज मेसेनसारख्या इम्युलेटरमध्ये (जुनं यंत्र संगणकावर हुबेहूब चालवणारा प्रोग्राम) एनटीएससी म्हणजे जपान-अमेरिकेची टीव्ही पद्धत, पाल आणि 'डेंडी' असे तीन पर्याय दिसतात. चोरलेलं यंत्र होतं, तरी अभ्यास करणाऱ्यांनी त्याला स्वतःची जागा दिली.

त्यामुळेच माझं म्हणणं की पेट्या गोळा करण्यापेक्षा हे काम संगणकावर करा. रॅस्पबेरी पाय हा छोटा संगणक घ्या, जुन्या कॅसेटीतला डेटा वाचून घ्या, झालं. वन-बीएचकेमध्ये प्लास्टिकचे डोंगर कुठे ठेवणार? आणि ठाण्याची हवा. पावसाळ्यात लोखंडाला गंज, सीडीवर बुरशी.


मीनल_घोडबंदर | रविवार, ०९:४०

ऐरोलीकर, पेटीला हात लावण्यात जी मजा आहे ती संगणकात नाही हो. ते चौकोनी बटण अंगठ्यात रुतायचं.

एक प्रश्न विचारते. बाबांनी जपून ठेवलेला गेम मिळाला, त्यात बदकं मारायची बंदूक आहे. नवीन एलईडी टीव्हीला जोडल्यावर गेम लागतो, पण बंदूक एकही बदक मारत नाही. कुत्रा मात्र वर येऊन हसतो. बंदूक बिघडली आहे का?


सोल्डरवाले_काका | रविवार, १०:२०

मीनलताई, बंदूक बहुधा ठणठणीत आहे. बंदुकीतून काही बाहेर जात नाही, ती फक्त बघते. तिच्या नळीत एक भिंग आणि मागे प्रकाश ओळखणारा सेन्सर. ट्रिगर दाबला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. सेन्सरला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर नेम बरोबर. जुन्या काचेच्या टीव्हीत ठिपका ओळीओळीने फिरत चित्र काढतो आणि त्या वेळेवरच सगळं अवलंबून असतं. एलईडी टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतः तपासतो, मोठं करतो, मग दाखवतो. तेवढ्या उशिरात बंदुकीची वेळ टळते. ती एखाद्या जुन्या ओनिडा किंवा व्हिडिओकॉनवर लावून बघा.

फक्त एक विनंती, जुना टीव्ही कोणीही घरी उघडू नका. बंद करून प्लग काढला तरी पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो.


हरिनिवासचा_हरी | रविवार, १०:३४

म्हणजे बदकं दगावली नाहीत यात कुत्र्याचा हात नव्हता तर.


कळव्याचा_गण्या | रविवार, १०:५१

काचेचे टीव्ही आत्ताच उचलून ठेवा मंडळी. लोक फुकट देतात, वर दोन जिने उतरवून दिल्याबद्दल आभार मानतात. चौदा इंची असेल तर उत्तम, वजनाला झेपतो. मागे एव्हीची पिवळी पिन असलेला बघायचा. नुसतं अँटेनाचं भोक असलं तरी चालतं, पण मग चॅनेल ट्यून करत बसावं लागतं.


पामबीच_रायडर | रविवार, ११:४५

काका, तुमचा प्रतिसाद आवडला. चिपच्या खोडीची नोंद व्हायला हवी, हे मान्य. पण नोंद वेगळी आणि संग्रह वेगळा. माझ्या कपाटात जागा मर्यादित आहे, त्यात मी मूळच ठेवीन.

ऐरोलीकरांना उत्तर: इम्युलेटर हवाच, पण एकटा पुरत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अमेरिकेत २०१० आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज रीतसर विकतच मिळत नाहीत असं निघालं. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. फक्त डाउनलोडवर असलेले कितीतरी गेम तिथेच संपले. हातात कॅसेट किंवा डिस्क असणाऱ्याला कोणाच्या सर्व्हरची भीती नाही.


दादर_ते_ओसाका | रविवार, १२:१०

जपानहून दोन गोष्टी सांगते.

एक, इथल्या 'हार्ड ऑफ' नावाच्या सेकंडहँड दुकानांत 'जंक' असा वेगळा विभाग असतो. तिथे फॅमिकॉमच्या सुट्या कॅसेटी टोपल्यांत पडलेल्या असतात, आपल्याकडे रस्त्यावर मोजे विकतात तशा. चालेल की नाही याची हमी नाही, पण बऱ्याच चालतात. आणि गंमत म्हणजे फॅमिकॉमची कॅसेट ६० पिनांची, तुमच्या मीडिया किंवा लिटल मास्टरचा स्लॉटही ६० पिनांचा. अमेरिकन एनईएसची मोठी ७२ पिनांची कॅसेट त्यात बसत नाही, पण जपानी थेट बसते. म्हणजे मूळ की क्लोन हे भांडण सोडवायचा एक मार्ग हाही आहे: यंत्र आपलं, कॅसेट खरी.

दोन, जपानी यंत्र आणणार असाल तर वीज बघा. इथे १०० व्होल्ट, तिकडे २३०. जपानी अडॅप्टर सरळ आपल्या प्लगात लावला की तो जातो, कधी यंत्रालाही घेऊन जातो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या.

अवांतर: खऱ्या फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये मायक्रोफोन असतो. काही गेममध्ये त्यात ओरडावं लागतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लहान मुलीसारखी ओरडले होते.


ऐरोलीकर | रविवार, १२:४०

ताई, जपानी कॅसेट आपल्या पेटीत बसते हे खरंच माहीत नव्हतं. मग काँट्रा जपानी घ्यावा की आपला?


दादर_ते_ओसाका | रविवार, १३:०५

जपानीच! १९८८ ची जपानी काँट्राची कॅसेट कोनामी कंपनीने आपली खास चिप घालून काढली होती. त्यात लेव्हलच्या मध्ये नकाशा दिसतो आणि पहिल्याच जंगलात ताडाची पानं वाऱ्याने हलतात. अमेरिकन आवृत्तीत पानं स्थिर. तुमच्या घरात पडलेली क्लोन कॅसेट लावून बघा. पानं हलत असतील तर ती जपानी आवृत्तीवरून काढलेली आहे.


नौपाडेकर | रविवार, १६:२२

लावून बघितली. माझ्या एका पिवळ्या कॅसेटीत पानं हलतायत! एवढी वर्षं या गेममध्ये तीस जीवांच्या गुप्त कोडसाठी वर-वर-खाली-खाली बटणं दाबलीत आणि ताडाकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.


हरिनिवासचा_हरी | रविवार, १६:३०

गोळ्या चुकवताना झाडं कोण बघतो! रच्याकने (बाय द वे), तो वर-वर-खाली-खाली मुळात कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ग्रॅडियस या गेमसाठी बसवला होता. तपासणी करताना त्यांना स्वतःलाच तो गेम फार अवघड जात होता. २०२० मध्ये ते गेले तेव्हा जगभरच्या लोकांनी तोच कोड लिहून श्रद्धांजली वाहिली.


खारघरची_चिमणी | रविवार, १८:०५

सगळे कॅसेटींवरच थांबलात, आता थोडं पीएस२ (सोनीचा प्लेस्टेशन २) बद्दल. नौपाडेकरांच्या 'आपलं आपण जपा' या मुद्द्याला इथे खरी धार आहे. २००९ मध्ये सोनीने पीएस२ वर खास भारतासाठी दोन गेम आणले. एक 'हनुमान: बॉय वॉरियर', हैदराबादच्या स्टुडिओने बनवलेला. दुसरा 'देसी अड्डा', त्यात कबड्डी, पतंगबाजी, गिल्लीदांडा. हे क्लोन नव्हेत, अधिकृत आहेत आणि आपलेच आहेत. खेळायला उत्तम आहेत असं मी म्हणणार नाही, हनुमानाचा कॅमेरा तर हैराण करतो. पण प्लेस्टेशनवर गिल्लीदांडा अजून कुठे मिळणार? वाशी स्टेशनसमोरच्या इमारतींत जुन्या डिस्क विकणारे जे थोडे लोक उरलेत, त्यांच्या खोक्यात या डिस्क तळाशी पडलेल्या असतात. फुटबॉल आणि कुस्तीच्या गठ्ठ्यात कोणी बघतही नाही. सापडली तर मागचा भाग उजेडात तिरका धरून बघा. बारीक चरे चालतात. लेबलच्या बाजूने टोचा असेल तर सोडून द्या, डेटा त्याच बाजूला चिकटलेला असतो.


पामबीच_रायडर | रविवार, १८:३०

चिमणीताई, इथे मी तुमच्या बाजूचा. देसी अड्डा माझ्याकडे आहे, पुस्तिकेसकट. (चिमणी: डीव्हीडीत लेबलच्या बाजूने इतकी भीती नसते, तिथे थर मधोमध असतो. ती अडचण सीडीची. म्हणजे पीएस१ च्या सगळ्या आणि पीएस२ च्या निळ्या डिस्क.)


खारघरची_चिमणी | रविवार, १८:३३

हो, बरोबर. रायडर, पुस्तिकेचे फोटो टाका ना, प्लीज!


मीनल_घोडबंदर | रविवार, २१:१५

आत्याकडे धूळ खात पडलेला ओनिडा आणला आणि बदकं पडली!!! काका, तुम्हाला साष्टांग नमस्कार. माझा मुलगा दुपारपासून बंदूक सोडत नाही.

अजून एक, कॅसेट लागत नसली की आम्ही फुंकर मारायचो. ते बरोबर की चूक?


सोल्डरवाले_काका | रविवार, २१:४०

वा, छान झालं.

फुंकर मारू नका. गेम फुंकरीने लागत नसे, कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्याने लागत असे. फुंकरीबरोबर ओलावा जातो आणि पिना काळ्या पडतात. निन्टेन्डोनेही फुंकर मारू नका असंच सांगितलेलं आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कापसाची काडी बुडवून पिना पुसा, काडी काळी निघायची थांबली की पुरे. पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावा.

साठवणुकीचं ऐरोलीकर म्हणतात ते महत्त्वाचं आहे. खाडीकाठची हवा दमट. झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेल, पावसाळ्यात महिन्यातून एकदा ती पाकिटं बदला. पुठ्ठ्याची खोकी जमिनीवर नकोत. २६ जुलै २००५ नंतर पाण्यात बुडालेल्या वस्तू माझ्याकडे दुरुस्तीला आल्या होत्या. बोर्ड धुऊन, वाळवून पुष्कळ वाचले, खोकी आणि पुस्तिका एकही वाचली नाही. म्हणून ज्यांच्याकडे खोकी आहेत त्यांनी आधी ती स्कॅन करा.


नौपाडेकर | सोमवार, २२:०८

सगळ्या पेट्या उघडून झाल्या. बऱ्याच काळ्या थेंबाच्या निघाल्या, पण कळव्याहून आलेल्या समुराईत काकांनी सांगितलेले दोन्ही आकडे आहेत. बोर्डचे फोटो काढलेत.

रायडरांचा मुद्दा मी डोक्यात ठेवला आहे. क्लोन जपताना तो क्लोन आहे आणि आतला गेम कोणाचा आहे, हे शेजारी लिहिलेलं असायलाच हवं. कॅसेटीवरून पुसलेली नावं आपण परत लिहू. माझी सूचना अशी की ज्यांच्याकडे इथे विकलेलं कुठलंही यंत्र आहे त्यांनी याच धाग्यावर चार फोटो टाकावेत: वरून, तळाचं लेबल, बोर्ड, खोकं. रशियात जे झालं ते इथे करायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही. ठाण्यात एक कट्टाही करू. तलावपाळीच्या आसपास कुठेतरी, कॅसेटी आणि पेट्या घेऊन.


पामबीच_रायडर | सोमवार, २२:२०

कट्ट्याला येतो. शॉ वॉलेसच्या काळातला सेगा आणतो, तुम्ही समुराई आणा. दोन्ही शेजारी ठेवून आवाज ऐकवू.


कळव्याचा_गण्या | सोमवार, २२:२६

टीव्ही माझा. उचलायला दोन माणसं द्या.


नेरूळ_सेक्टर_आठ | मंगळवार, १३:१८

नवीन आयडी, पहिलाच प्रतिसाद. हा धागा वाचून सोसायटीच्या वॉचमनकडे चौकशी केली. भंगारात देण्यासाठी ठेवलेला काळा सेगा मेगा ड्राइव्ह मिळाला, दोन कंट्रोलर आहेत, अडॅप्टर नाही. घरात ९ व्होल्टचा एक अडॅप्टर आहे, पिनही बसते. लावू का?


सोल्डरवाले_काका | मंगळवार, १३:२५

थांबा, लावू नका! मेगा ड्राइव्ह पहिला असेल तर अडॅप्टरच्या पिनेत आतली बाजू मायनस असते, मेगा ड्राइव्ह दोन असेल तर आतली प्लस. उलटं लागलं तर आतला भाग जळू शकतो. माझ्याकडे येणाऱ्या मृत यंत्रांत अशी बरीच असतात. तळाचं लेबल आणि अडॅप्टरवरचं वर्तुळाचं चिन्ह, दोन्हींचे फोटो इथे टाका. आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी वर आहे का तेही सांगा. असेल तर तो पहिला आहे.


नेरूळ_सेक्टर_आठ | मंगळवार, १३:४१

आहे, डाव्या बाजूला, हेडफोनच्या भोकाच्या वरती. फोटो टाकते.


सोल्डरवाले_काका | मंगळवार, १३:४४

मग पहिला मेगा ड्राइव्ह. आतली बाजू मायनस, ९ ते १० व्होल्ट, किमान १.२ अँपिअरचा डीसी अडॅप्टर. तुमच्याकडच्यावर अँपिअर किती लिहिलेत ते वाचून सांगा, आणि रायडर, तुमच्याकडे जास्तीचा असेल तर कट्ट्याला घेऊन या.